घेणारा पाहिजे

नाताळ 25 तारखेला येतो, पण बीड जिल्ह्यात चांगुलपणाचा हंगाम 12 डिसेंबरलाच लागतो. त्या दिवशी गोपीनाथराव मुंडे यांची जयंती आणि त्याच दिवशी शरद पवार यांचा वाढदिवस. एकाचा जन्म 1949 चा, दुसऱ्याचा 1940 चा. नियतीला दोघांना वेगवेगळे महिने देता आले असते, पण मग आमच्याकडच्या आजारी माणसाला एकाच दिवसात दोनदा केळी कशी मिळाली असती? मध्यंतरी पक्ष फुटले, तेव्हा राजकारणाचं व्हायचं ते झालं, फळांची आवक मात्र वाढली. पेशंट पडल्या पडल्या एक हात सलाइनला देतो आणि दुसरा फोटोला.

रक्तदानाचं जरा अवघड असतं. एकदा रक्त दिलं की पुढचे तीन महिने देता येत नाही. ज्याचे दोस्त दोन्हीकडे, तो 12 तारखेला सकाळीच मोबाइल बंद करून शेतात जातो.

एवढ्यावर भागत नाही. 20 तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी. 1956 साली याच दिवशी बाबा गेले. पायावर डोकं ठेवायला आलेल्या माणसाला हातातल्या काठीने दूर ठेवणाऱ्या या माणसाच्या फोटोला त्या दिवशी हार घालतात, आणि झाडू हातात घेऊन आधीच झाडलेला चौक पुन्हा झाडतात. 24 ला साने गुरुजींची जयंती, जन्म 1899. 26 ला बाबा आमटे यांची, जन्म 1914. मधल्या 25 तारखेला येशू ख्रिस्त. शिवाय मार्गशीर्षातले गुरुवार याच सुमाराला येतात, त्यात हळदीकुंकू, फळ आणि महालक्ष्मीच्या व्रताचं पुस्तक वाटायचं असतं. इतके जण आधीच रांगेत उभे असताना सांताक्लॉजला माजलगावात खरं म्हणजे काम उरत नाही. तरी तो येतो. इंग्रजी शाळा त्याला आणतात.

आमच्या पोरांच्या शाळेने गेल्या हिवाळ्यात प्रत्येक घराला एक छापील वही दिली. वहीवर सूचिपर्णी झाड, त्याच्यावर चांदणी आणि खाली लिहिलेलं, 'सहकुटुंब सत्कर्म नोंदवही'. आत रकाने: तारीख, सत्कर्म, सहभागी सदस्य, लाभार्थ्याचे नाव, फोटो, पालकांची सही. करायच्या कामांची यादीही जोडलेली होती. ती कुठल्या देशातून आली होती ते पहिल्याच ओळीवरून कळलं: शेजारच्या आजींच्या दारातला बर्फ काढून द्या.

पोराने ती ओळ मोठ्याने वाचली. आई तुरी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बर्फ? त्यांच्या दारात बर्फ आणून टाकलाच कुणी? मासेवाल्याला सांग, जरा पुढं नेऊन ओत म्हणावं."

दुसरी ओळ पोस्टमनला गरम कोको देण्याची होती. पोस्टमन आमच्याकडे चहासुद्धा उभ्यानेच पितात आणि तोही अर्धाच, कारण पुढच्या प्रत्येक घरी उरलेला अर्धा असतोच. कोको पाजून त्यांच्या पोटाचं काही झालं असतं तर गल्लीची मनीऑर्डर अडकली असती. ती ओळही बाद.

राहता राहिली तिसरी: शेजाऱ्यांसाठी काहीतरी भाजून न्या. ही आमच्या आवाक्यातली होती. माजलगावात भाजण्याची एक पद्धत ठरलेली आहे. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालायची, बेकरीत न्यायची आणि नंबर लावून नानकटाई पाडून आणायची. दिवाळीत यासाठी भांडणं होतात, डिसेंबरात भट्टी मोकळी असते. बायकोने नानकटाई करून आणली, पोरीने डबा भरला, पोराने फोटो काढला आणि समोरच्या काकूंना नेऊन दिला. मी सही केली. एक सत्कर्म पार पडलं असं त्या रात्री आम्हाला वाटलं.

आता, मराठवाड्यात शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. कितीही घाई असो, डब्याच्या तळाशी निदान चिमूटभर साखर तरी घालतातच. काकू चिमटीवर थांबणाऱ्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी डबा आला तो शेंगुळ्यांनी भरून. लसणाची फोडणी, वरून कच्चं तेल, थंडीत याच्यापुढे काही नाही. आम्ही खाल्ले. मग डब्याचा प्रश्न पडला. तो आमचाच होता, पण शेंगुळे ज्या पातेल्यातून आले त्या पातेल्याची शोभा राखायला पाहिजे. बायकोने धपाटे केले. धपाट्यांवर काकूंकडून बोरं आली. बोरांवर काय द्यावं याचा विचार चालू असताना पलीकडच्या आपांना वाटलं की या दोन घरांत काहीतरी कार्य आहे आणि आपल्याला बोलावणं राहिलंय. त्यांनी जर्दा पाठवला, आपल्या डब्यात. आता दोन डबे झाले. झाकणांची अदलाबदल झाली. वहीतल्या लाभार्थ्याच्या रकान्यात पोराने आधी 'काकू' लिहिलं होतं, ते खोडून 'आपण सगळे' लिहिलं, मग तेही खोडून विचारलं, "पप्पा, जास्त कोणी खाल्लं ते मोजायचं का?"

सरकारी योजनेचा लाभार्थी व्हायला आमच्याकडे तहसीलपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत रांग लागते. शेजाऱ्याचा लाभार्थी व्हायला मात्र एक माणूस पुढे येत नाही. यात माणसांना दोष देण्यात अर्थ नाही, पाण्याचाच गुण आहे. सिंदफणेवरच्या आमच्या धरणात नुसतं सिंदफणेचं पाणी नसतं, पैठणच्या उजव्या कालव्यातून जायकवाडीचंही येतं. आणि आलेलं पाणी धरण जवळ ठेवून घेत नाही. बीड शहराच्या नळाला देतं, कालव्याने परभणीकडे देतं. असं उसनं घेऊन पुढे देणारं धरण ज्या गावाच्या उशाला आहे, तिथली माणसं रिकामा डबा परत करतील कशी?

या सगळ्या देवाणघेवाणीत कणीक कुणी मळली, लसूण कुणी सोलला, हे वहीत कुठेच येत नव्हतं. 'सहभागी सदस्य' या रकान्यात चौघांची नावं होती. प्रत्यक्षात एकाने फोटो काढला, एकीने डबा भरला, एकाने सही केली, आणि चौथीच्या कमरेला उसण भरली. सहकुटुंब चांगुलपणाची ही जुनी रीत आहे. आमच्या शेजारच्याच नगर जिल्ह्यात रेव्हरंड ना. वा. टिळक होऊन गेले. 1895 साली ते ख्रिस्ती झाले, पण त्यांचा दानधर्म त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. घरात असेल ते देऊन टाकायचं आणि घरात मावणार नाही ते आणायचं, असा त्यांचा खाक्या. दुष्काळात पोरकी झालेली मुलं त्यांनी घरी आणली. कविमनाला कळवळा येतो तेव्हा स्वयंपाकघरात किती पीठ आहे हे बघायला तो थांबत नाही. पीठ बघायचं काम बायकोचं, लक्ष्मीबाईंचं. त्या चिडल्या, बोलल्या, आणि मग त्याच मुलांचं न्हाणंमाखणंही त्यांनीच केलं. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 मध्ये आला. मराठीत नवऱ्याच्या चांगुलपणाचा असा खमंग हिशेब आधी कुणी मांडला नव्हता आणि नंतरही फारसा कुणाला जमला नाही. मी हे घरात बोलून दाखवलं. बायको म्हणाली, "मग मी पण लिहू का?" मी विषय बदलला.

यादीत पुढे होतं: हॉटेलात अनोळखी माणसाचं बिल गुपचूप भरा.

यात दोन अडचणी. पहिली, माजलगावात अनोळखी माणूस सापडायला पाहिजे. कल्याणहून विशाखापट्टणमकडे जाणारा रस्ता गावातून जातो आणि खामगावहून पंढरपूरला जाणाराही, त्यामुळे वाटसरू पुष्कळ. पण कुठलाही वाटसरू टेबलावर बसून "पाव्हणे कुठले?" हा प्रश्न पार करून अनोळखी राहू शकत नाही. दुसऱ्या वाक्याला गाव निघतं, तिसऱ्याला आडनाव, आणि चहा यायच्या आत तो तुमच्या चुलत मावशीच्या दिराचा साडू असतो. दुसरी अडचण गुपचूपची. आमच्याकडे बिल भरणं ही कुस्ती आहे. दोघे एकमेकांची मनगटं धरून गल्ल्यापर्यंत ढकलत जातात, "तुम्हाला माझी आण आहे" इथपर्यंत गोष्ट येते, आणि गल्ल्यावरचा माणूस कुणाची नोट घ्यायची नाही हे चेहरे बघून आधीच ठरवून बसलेला असतो. अशा ठिकाणी कुणी आवाज न करता दुसऱ्याचे पैसे देऊन निघून गेलं तर त्याचा एकच अर्थ निघतो.

तोच निघाला. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात कोपऱ्यात एक म्हातारबाबा भजी खात होते. मी त्यांचे पैसे दिले आणि पोराला घेऊन बाहेर पडलो. बाबा धोतर सावरत मागे आले.

"का हो, तुम्हीच दिले का मपले पैसे?"

"हो बाबा. असंच."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "असंच कामून? कोणत्या वार्डातून उभं राहायलात?"

मी कुठूनही उभा राहत नाही हे त्यांना पटवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दोन रिकामटेकडे जमले, आणि त्यातला एक म्हणाला, अपक्ष असेल. शेवटी बाबांनी माझ्या खिशात पन्नासची नोट कोंबली, पोराच्या हातावर पेढा ठेवला आणि संक्रांतीच्या आधी हुरडा खायला यायचं वचन घेतलं. मत आमच्या गावात आहे, तुमच्या कामाचं नाही, हेही स्पष्ट करून सांगितलं. हिशेबात मीच फायद्यात राहिलो. वहीत काय लिहावं कळेना. पोरीने सुचवलं, "लिहा, बाबांनी पप्पांना मदत केली."

मग आमच्या लक्षात आलं की ही यादी फेकून द्यावी आणि इथलं काहीतरी काम घ्यावं. डिसेंबरात इथलं काम म्हणजे ऊस. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तोडायचं. काही टोळ्या तेलगावसारख्या जवळच्या कारखान्यांकडेही असतात. संध्याकाळ झाली की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सुरू होतात. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागे दिवा नाही, आणि पुढे टेपवर गाणी इतकी मोठ्याने की हॉर्न वाजवणाऱ्याने मनातल्या मनात वाजवावा. मोटारसायकलवाले अंधारात मागून जाऊन धडकतात. म्हणून हंगामात काही मंडळी आणि आरटीओचे लोक ट्रॉल्यांना लाल रेडियमच्या पट्ट्या लावत फिरतात. आम्ही तेच करायचं ठरवलं. पट्ट्यांचं एक बंडल आणि फडकं घेऊन चौघे स्कूटरवर बसून निघालो. चौघांनी एका स्कूटरवर बसून वाहतूक सुरक्षेला जाणं कितपत बरोबर, हा प्रश्न आईने दारातच विचारला होता. पण आईला सगळंच विचारायची सवय आहे.

रस्त्याकडेला ट्रॅक्टरची रांग लागली होती. पहिल्या ट्रॉलीची मागची फळी पोरगी पुसायला लागली तसा ड्रायव्हर खाली उडी मारून आला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, किती भरायचे ते सांगा, पण पावती नका फाडू." दंड नाही, पट्टी फुकट आहे, हे ऐकून तो जास्तच घाबरला. कंपनीची जाहिरात आहे का? नाही. पक्षाची? नाही. मग पट्टीवर कुणाचं नाव कसं नाही? बिननावाची वस्तू फुकट मिळते यावर त्याचा विश्वासच बसेना. त्याने मागच्याला बोलावलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. चौकशी समिती भरली. शेवटी एका पोरगेल्या ड्रायव्हरने निर्णय दिला: "लावू द्या ना भाऊ, शाळंचं लेकरू आहे, मार्कं असतील." मार्कांसाठी आहे म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. माणूस स्वार्थासाठी आलाय हे कळलं की आमच्याकडे लोक मोकळेपणाने मदत करतात. दोघांनी बॅटरी धरली, एकाने फळ्या पुसून दिल्या.

शेजारीच टोळीच्या कोप्या होत्या. बायकोने जाताना घरातली एक नवी चादर बरोबर घेतली होती, ती तिने एका कोपीतल्या बाईंना पुढे केली. बाईंनी हसून आतली थप्पी दाखवली. 12 तारखेपासून मायेची ऊब देणारे इतके येऊन गेले होते की ऊब ठेवायला जागा नव्हती. एकावर एका नेत्याचा फोटो, दुसरीवर दुसऱ्याचा, दोघेही एकाच बाजल्यावर शांत पहुडलेले. "चादर नको बाई," त्या म्हणाल्या, "पिठाची गिरणी सात वाजता बंद व्हती अन् आम्ही फडातून येतोच आठला. दळण आणून देणारं कुणी असलं तर बघा." हे कुणाच्या यादीत नव्हतं. बायकोने ज्वारीचं गाठोडं घेतलं. तेवढ्यात बाईंची नजर पोराच्या पातळ स्वेटरवर गेली. "लेकराला थंडी वाजायलीय की," म्हणत त्यांनी थप्पीतली एक चादर काढून त्याला गुंडाळली. आम्ही नको नको म्हणत राहिलो. कोऱ्या चहाचा एक एक कप घेतल्याशिवाय त्यांनी सोडलंही नाही.

ड्रायव्हर लोकांनी तोवर स्कूटरला ऊस बांधला होता. चांगला, जाड, कांड्याकांड्यांचा, पुढून हातभर आणि मागून दोन हात बाहेर. आमचं वाहन आता चार माणसं, एक गाठोडं, दोन चादरी आणि मोळी अशा अवस्थेत अंधाऱ्या रस्त्याला लागलं. थोडं पुढे गेल्यावर मागून पोरगी ओरडली, "पप्पा, थांबा!" थांबलो. तिने खिशातली उरलेली पट्टी काढून उसाच्या शेंड्याला चिकटवली.

वहीत जागा अजून बरीच मोकळी होती आणि मुदत संपत आलेली. तेव्हा पोराने शॉर्टकट काढला. एका सकाळी तो आईच्या मागे मागे पेन घेऊन फिरला. दुपारपर्यंत वही भरली. आजीने काकूंना विरजण दिले. आजीने गॅस संपलेल्या घरी आपला भरलेला सिलेंडर दिला (पप्पांना विचारले नाही). आजीने भाजीवालीचे बाळ तासभर सांभाळले. आजीने आपांच्या सुनेसाठी डोहाळ्यांची चिंच पाठवली. ही पानं वाचून माझे डोळे भरून येणार तेवढ्यात पुढचं पान आलं. आजीने नव्या भाडेकरूंना सांगितले की त्यांचा पडदा अजिबात शोभत नाही. आजीने दोन जावांना एकमेकींचे म्हणणे समजावून सांगितले, त्यामुळे त्या आता बोलत नाहीत. लाभार्थी: दोन.

शाळेतला कार्यक्रम दणक्यात झाला. सांताक्लॉज झाले होते क्रीडाशिक्षक. दाढीला भरघोस कापूस होता. हा कापसाचा मुलूख, त्यात भाव पडलेला. एक पालक मागच्या रांगेतून म्हणाले, "बाजारात नेण्यापेक्षा सरांच्या तोंडाला लावला ते बरं झालं." सरांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून प्रवेश केला. मी आधी ट्रॉलीच्या मागची पट्टी पाहिली. होती.

वही भरून देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला शाळेने बक्षीस दिलं. लाल कागदात गुंडाळलेलं, वर चांदणी. घरी आणून पोराने ते आजीच्या मांडीवर ठेवलं. तिने कागद नीट घडी करून बाजूला ठेवला आणि आतली वस्तू उलटीपालटी करून पाहिली. स्टीलचा डबा होता. झाकण उघडलं, आत बोट फिरवलं.

"रिकामाच दिला?"

"बक्षीस आहे ते आजी."

"असू दे. प्राचार्य बाई कुठं राहतात?"

संध्याकाळी डबा भरून गेला. धपाटे होते, वर लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती तरी सकाळी शाळेचे शिपाईमामा सायकलवरून आले. कॅरिअरला तोच डबा बांधलेला, आत कार्यक्रमात उरलेला केक. आईने त्यांना बसवलं, चहा ठेवला आणि आत बघून बायकोला म्हणाली, "पीठ किती आहे गं?"